आत्यांना नाही जमायचं

"आत्या, तुम्ही जेवून घ्या. माझं एक वाक्य अडलंय."

वाक्य अडलंय! म्हैस अडलेली मी बघितली आहे, दोन बाळंतिणी अडलेल्या बघितल्या आहेत, गाडी तर आमची दर लग्नसराईत कुठल्यातरी चिखलात अडतेच. पण वाक्य अडलेलं आमच्या मगदुमांच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नसेल. बाहेर ऊन पिवळं पडलं होतं. आमच्या जैनाच्या घरात दिवस मावळायच्या आत ताटं धुऊन पालथी पडलेली असतात. आणि ही आमची सून मधल्या खोलीत त्या कंप्युटरपुढं हनुवटीला हात लावून, ताटाकडं पाठ करून बसलेली.

पद्मजाची ही खोड मला अजिबात खपत नसे. हाक मारली तर "हो" म्हणायचं आणि उठायचं नाही. चार शब्द सुनावले तर उलटून बोलायचं नाही, म्हणजे भांडायचीसुद्धा सोय नाही. आमच्या घरात कांदा येत नाही, नाहीतर ही नाकानं कांदे सोलते असं माझं सगळ्या गल्लीला सांगून झालं असतं.

"वाक्य अडलंय तर सुइणीला बोलवू का?" मी म्हटलं.

ती हसली. हसली आणि पुन्हा पडद्याकडं बघत बसली. मी एकटी जेवले.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. जयसिंगपुरात आमचं भांडी भाड्यानं द्यायचं दुकान. पातेली, पराती, कढया, पिंपं, लग्नकार्याला लागतं ते सगळं. सासऱ्यांनी सुरू केलं, मालक गेल्यावर मी चालवलं. मुलगा सुकुमार टेम्पो घेऊन गावोगाव भांडी पोचवायचा आणि आणायचा. दुकानात मी. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण माझ्या दारातून झारासुद्धा पैसे घेतल्याशिवाय बाहेर गेला नाही. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. गल्ल्यावर घरचं माणूस पाहिजे होतं, आणि घरचं माणूस बी.कॉम. होऊन वाक्यं अडवत बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला सरळच विचारलं. म्हणजे विचारलं असं नाही, बोलायला लावलं. मी कुणाला काही विचारत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

"हे जे काय चाललंय, त्याला नाव तरी हाय का?"

"हप्त्याचं पान लिहितेय, आत्या."

"कुणाचा हप्ता?"

"कुणाचाही. हे बघा, कंप्युटरात हिशेबाचा तक्ता असतो. त्यात तयार सूत्रं असतात. कर्ज किती, व्याज किती, महिने किती, एवढं घातलं की ते महिन्याचा हप्ता काढून देतं. पण कुठल्या चौकटीत काय घालायचं ते सांगणारं पान इंग्रजीत आहे. पुण्याची एक संस्था ती सगळी पानं मराठीत करतेय."

"म्हंजे भाषांतर. त्याला एवढी हनुवटी कशाला धरायला लागती?"

"नुसतं भाषांतर असतं तर कधीच झालं असतं. मूळ पानच अर्धवट आहे. ज्याला आधीच येतंय त्यालाच कळेल असं लिहिलंय."

"ज्याला येत न्हाई त्यानं माणसाला विचारावं."

"आणि विचारायला माणूस नसलं तर? किंवा माणूस असून विचारवत नसलं तर?"

तिनं पुढचं सांगितलं. पुण्याच्या रेगे मॅडमनी तिला नमुन्याला हे एकच पान दिलं होतं. ते पास झालं तर व्याजाची, ठेवींची, घसाऱ्याची, सगळ्या पैशाच्या सूत्रांची पानं तिला मिळणार होती, मानधनासकट. नापास झालं तर दुसऱ्या कुणाला.

"बरं," मी म्हटलं, "मग माझंबी एक ऐक. पान पास झालं तर तू बस तुझ्या टेबलाला, मी चकार शब्द काढणार न्हाई. नापास झालं तर तुळशीच्या लग्नापासनं तू गल्ल्यावर. आणि ते डबडं सुकुमार विकून टाकील. कबूल?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. परात घेताना गिऱ्हाईक बूड ठोकून बघतं ना, तसं.

"कबूल," ती म्हणाली.

आता पान पास करायची त्या मॅडमची रीत जगावेगळी होती. त्यांनी स्वतः वाचून बरं-वाईट म्हणायचं नाही. ज्यानं कंप्युटरला कधी हात लावला नाही असं माणूस धरून आणायचं. त्यानं पान वाचायचं, आपल्या घरातलं खरंखुरं गणित घ्यायचं, आणि पान सांगेल तसं चौकटीत आकडे घालून हप्ता काढायचा. लिहिणारीनं शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. शेवटी उत्तर बरोबर असेल तर "हो", चूक असेल तर "नाही", एवढंच बोलायचं.

पहिल्यांदा तिनं शेजारच्या इंदू चौगुलेला बसवलं. इंदू म्हणजे घरातून बाहेर पडताना चप्पल कुठली घालू ते विचारणारी बाई. मी दारातून ऐकत होते.

"इथं काय घालू गं? ... हे काय? ... आता ह्यो आकडा?... अशी गप का? सांग की!"

सहावेळा गप्प बसून सातव्या वेळी पद्मजाच्या तोंडून निघालंच, "वर, वरच्या चौकटीत." मग "तो नाही, खालचा." उत्तर बरोबर आलं. इंदूनं लाडू खाल्ला आणि गेली. पद्मजानं पुण्याला फोन केला, आणि मॅडमनी विचारल्यावर खरं काय ते सांगून टाकलं. आमच्याकडं खोटं बोलत नाहीत, पण गप्प बसता येतं की माणसाला! मॅडम म्हणाल्या, हे इंदूबाईंनी नाही, तुम्ही सोडवलं. पुन्हा माणूस बसवा. पुढच्या शनिवारपर्यंत.

माझं निम्मं काम झालं होतं. मी गल्ल्याशेजारची एक खुर्ची पुसून ठेवली.

चातुर्मासाचे दिवस, गिऱ्हाईक नाही. त्यात नगरपालिकेनं पाण्याच्या पाइपासाठी आमच्या गल्लीत हा एवढा चर खणून ठेवलेला. सुकुमार सोमवारीच निपाणीकडं गेलेला, जुनी राहिलेली भांडी गोळा करायला. दुकानात माशी नव्हती. मंगळवारी जेवणं झाल्यावर मी पडवीत पराती पुसत बसले होते. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. पद्मजा फोनवर बोलत होती.

"हो मॅडम... नाही, अजून कुणी मिळालं नाही... कोण? आमच्या आत्या?" आणि ती हसली. "छे, छे. आत्यांना नाही जमायचं."

माझ्या हातातली परात तशीच राहिली.

"नाही हो, दुकानाचं वेगळं. हे वाचून समजून घ्यायचं म्हणजे... चौथी झालीय त्यांची. नाही, त्यांना नकोच. त्यांना नाही जमायचं."

तिनं फोन ठेवला. मी परात ठेवली, ती जरा जोरातच ठेवली गेली. पदराला हात पुसले आणि आत गेले.

"ऊठ," मी म्हटलं.

"काय झालं आत्या?"

"ऊठ त्या खुर्चीवरनं. कुठाय तुझं पान?"

"अहो, पण तुम्हाला कशाला त्रास..."

"तोंड उघडायचं न्हाई असा नियम हाय ना? मग उघडू नको."

ती उठली. मी बसले. खुर्ची चाकाची होती, मागं सरकली, पण मी टेबल धरलं. तिनं माऊस नावाची ती वस्तू कशी हलवायची ते दाखवलं. पानात ते येत नाही म्हणून तेवढी सूट होती. पडद्यावर डावीकडं पान आणि उजवीकडं रिकाम्या चौकटी. इंग्रजी आकडे मला येतात, आमच्या भांड्यांवर तेच ठोकलेले असतात. गणित मी मनात धरलं. त्या वर्षी आम्हाला जुना टेम्पो घ्यायचाच होता. साठ हजार, शेकडा दोन व्याज, बारा हप्ते.

पान वाचायला लागले. 'व्याजदर : प्रति कालखंड व्याजाचा दर.' कालखंड हा शब्द मी मंदिरात प्रवचनाला ऐकलेला. तिथं एकेक कालखंड कोट्यवधी वर्षांचा असतो. एवढं लांबचं कर्ज मला नको होतं. शेजारी पद्मजा मांडीवर हात ठेवून बसलेली. मी विचारीन म्हणून वाट बघत असणार. मी कशाला विचारते! व्याज म्हणजे व्याज. शेकडा दोन. मी चौकटीत दोन घातला, खाली बारा, त्याखाली साठ हजार. बटण दाबलं.

एक लाख वीस हजार आले.

साठ हजाराच्या कर्जाला महिन्याला एक लाख वीस हजार हप्ता. मी तो आकडा दोनदा बोट ठेवून वाचला.

"ह्यो सावकार कुठं राहतो गं?" मी म्हटलं. "त्याला पोलीस पकडत न्हाईत?"

पद्मजानं ओठ दाबून धरले होते. "नाही," ती म्हणाली.

"न्हाई म्हंजे? पोलीस पकडत न्हाईत?"

"उत्तर. उत्तर बरोबर नाही."

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मागं खुर्ची ओढल्याचा आणि बोटं चालल्याचा आवाज आला.

बुधवारी पान बदललं होतं. कालखंड गेला होता. त्या जागी 'व्याज टक्क्यांत लिहा, आकड्यापुढे % ही खूण करा, शिफ्ट दाबून 5' असं होतं, आणि खाली एक उदाहरण : 'दर 9 टक्के असेल तर 9%/12.' उदाहरणात भागिले बारा केलं होतं, म्हणून मीही केलं. दोन, ती खूण, भागिले बारा. शिफ्ट सापडायला वेळ लागला. कीबोर्डाची प्रत्येक ओळ वाचली, पण शोधून काढली मी.

पाच हजार चौपन्न.

मी मागं टेकले. साठ हजाराचे बारा हप्ते केले तर नुसते मुद्दलाचेच पाच हजार होतात. म्हणजे व्याज महिन्याला चौपन्न रुपये. शेकडा दोननं!

"काल दरोडेखोर हुता," मी म्हटलं, "आज साधू हाय. ह्या साधूचा पत्ता दे. मी दुकान गहाण टाकून त्याच्याकडनं पैसे घेते आणि गावाला वाटते."

"नाही," पद्मजा म्हणाली. पण या खेपेला ती उठायच्या आधीच पुढं झुकून माझा आकडा बघत होती, आणि एकदम तिनं कपाळावर हात मारला. बोलायचं नाही म्हणून बोलली नाही. पण मला दिसलं तिला काय सापडलं ते. तिच्या पानात नऊ टक्के म्हणजे वर्षाचे. बँकेत तसंच बोलतात. आणि आमच्या पेठेत शेकडा दोन म्हटलं की ते महिन्याचे. वर्षाचं व्याज कुणी तोंडानं बोलतच नाही. ज्याला ज्याची सवय, तो तेच घालणार. माझी चूक नव्हती आणि तिचीही नव्हती. पानाची होती.

त्या संध्याकाळी पराती मोजून फळीवर लावताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि मी तिथंच थांबले. मला जमलं, तर पान पास. म्हणजे पद्मजा जिंकली, आणि गल्ल्याशेजारची ती पुसलेली खुर्ची रिकामीच. नाही जमलं, तर ती गल्ल्यावर येणार, पण जन्मभर रोज माझ्यासमोर बसून मनात म्हणणार, आत्यांना नाही जमलं.

दोन्हीकडनं कापणारी विळी. आणि ती मी स्वतःच्या हातानं मांडलेली.

गुरुवारी दुपारी मी हाक मारायच्या आधीच जाऊन खुर्चीवर बसले. पानात आता लिहिलं होतं : 'तुमच्याकडे व्याज महिन्यावर बोलतात की वर्षावर? महिन्यावर बोलत असतील तर तोच आकडा घाला. वर्षावर बोलत असतील तर बाराने भागा.' असं माणसासारखं लिहायला काय झालं होतं आधी! मी दोन घातले, खूण केली. पाच हजार सहाशे त्र्याहत्तर. माझ्या तोंडी हिशेबानं याहून जास्त येत होतं. पण पानावर पुढचीच ओळ होती : 'हप्ता भरत गेलात की मुद्दल उतरते, आणि व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर लागते.' बरोबर. आमच्याकडचे सावकार शेवटच्या महिन्यापर्यंत पहिल्या मुद्दलावर व्याज लावतात आणि वर चहा पाजतात. त्यांच्या चहाचे पैसे कशातून निघतात ते मला त्या ओळीनं सांगितलं.

पण आकड्याच्या आधी एक आडवी रेघ होती. आधीचे दोन दिवस आकड्याच्या गडबडीत ती माझ्या नजरेतच आली नव्हती.

"वजा?" मी स्वतःशी म्हटलं. "हप्ता वजा कसा?"

पद्मजानं ओढणीचं टोक तोंडात धरलं.

मी पान वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. कुठं काही नव्हतं. मी ती रेघ खोडली, तर सगळं उत्तरच गेलं. पुन्हा आकडे घातले, पुन्हा रेघ. मी अर्धा तास त्या रेघेकडं बघत बसले असेन. दारात कुणीतरी झारा भाड्यानं मागायला आलं, त्याला मी तिथूनच ओरडले, "भाडं आधी, भांडं मागनं! पैसे घेऊन या उद्या!" आणि पुन्हा रेघेकडं वळले. विचारलं मात्र नाही. आणखी एक अडचण होती. आमच्याकडं गाडी घ्यायची तर पहिला हप्ता गाडी उचलतानाच हातावर ठेवायचा असतो. ते कुठं सांगायचं? खाली 'प्रकार' नावाची एक चौकट होती, पानात पुढं लिहिलेलं 'ऐच्छिक, 0 किंवा 1'. शून्य कशाचं आणि एक कशाचा, त्या चौकटीलाच ठाऊक.

"ह्ये बघ," मी उठत म्हटलं, "पान तुझं लंगडं हाय. माझं डोकं न्हाई."

"हो," पद्मजा म्हणाली. नियमात बसणारं 'हो' नव्हतं ते. वेगळंच होतं.

"मॅडमना पाठवायचं कधी?"

"शनिवारी. फ्लॉपी घेऊन स्टँडजवळच्या कॅफेत जायचं. तिथून."

"मग लिही की! बसलीस काय?"

हे मी तिला म्हटलं. मी! शब्द बाहेर पडले तेव्हा मलाच पटेना. शुक्रवारी मी तिच्या वाटच्या भाकऱ्याही केल्या. मायेनं नव्हे. ती उठली असती तर पान राहिलं असतं, आणि पान राहिलं असतं तर मी हरले असते.

शनिवार. पद्मजानं दार लावून घेतलं. मी बसले, पदर खोचला. वजाच्या रेघेला आता जागा मिळाली होती : 'उत्तराआधी वजाची खूण येईल. घाबरू नका, ती चूक नाही. जो पैसा तुमच्या हातातून बाहेर जातो तो इथे वजा दिसतो. हप्ता तुम्ही देणार, म्हणून वजा.' ओळ वाचतानाच पाठ ताठ झाली माझी. साधी गोष्ट. घरात आलं ते अधिक, घरातून गेलं ते वजा.

मग प्रकार. तिथं लिहिलं होतं : 'हप्ता कधी द्यायचा? महिना संपल्यावर द्यायचा असेल, जसा पगार मिळतो, तर 0. महिना सुरू होतानाच द्यायचा असेल, जसे भाड्याच्या भांड्यांचे पैसे, आधी भाडे आणि मग भांडे, तर 1.'

मी ती ओळ वाचून थांबले. पोरगी एक दिवस गल्ल्यावर बसली नव्हती. पण मी गिऱ्हाइकाला काय ओरडते ते तिच्या कानात जात होतं, आणि कानातून पानात गेलं होतं.

मी एक घातला. आता फक्त बटण दाबायचं होतं. बोट बटणावर ठेवलं आणि तिथंच ठेवून बसले. माझ्या मनात आलं नाही असं म्हणणार नाही. दोनच्या जागी तीन केला असता की झालं. म्हातारं बोट, घसरलं. कोण काय म्हणणार? तुळशीच्या लग्नापासून सून गल्ल्यावर.

मी पद्मजाकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत नव्हती. माझ्या बोटाकडं बघत होती. तिला दिसत होतं मी काय विचार करते ते. तरी गप्प. इंदूपुढं सातव्या वेळी जिचं तोंड उघडलं, ती आता स्वतःचं टेबल, स्वतःचं काम, सगळं माझ्या एका बोटाखाली असताना अक्षर बोलली नाही.

मी बटण दाबलं.

वजा पाच हजार पाचशे बासष्ट, वर तेहेतीस पैसे.

"बोल की," मी म्हटलं. "आता तोंड उघडायला परवानगी हाय."

"हो," पद्मजा म्हणाली. आणि मग तिनं जरा मोठ्यानं म्हटलं, "हो! बरोबर, आत्या."

"जमलं?"

"जमलं."

"मग लाव फोन तुझ्या मॅडमला. सांग त्यांना, म्हणावं चौथी पास हाय आणि जमलं. माझ्यासमोर लाव."

ती हलली नाही. तेवढ्यात दार ढकलून सुकुमार आत आला, धुळीनं माखलेला, हातात पितळेची दोन पातेली.

"आक्का, फोनचं काय झालंय? सोमवार संध्याकाळपास्नं निपाणीतनं लावतोय, लागतच न्हाई. मला काय काय वाटलं! गल्लीत आलो तर सगळे तेच म्हणत्यात. पाइपाचा चर खणताना वायर तोडलीया सोमवारीच. साऱ्या गल्लीचे फोन मेलेत. तुम्हाला ठाऊक न्हाई?"

सोमवारी.

मी उठले. फोनजवळ गेले, उचलला, कानाला लावला. विहिरीत तोंड घालून ऐकावं तसा शुकशुकाट. मंगळवारी जेवणं झाल्यावर, दार उघडं टाकून, मला नीट ऐकू जाईल अशा आवाजात, हसून, ती याच फोनवर बोलली होती.

मी फोन जागेवर ठेवला.

"पद्मा."

"हं."

"मंगळवारी तू कुणाशी बोलत हुतीस?"

तिनं ओढणी नीट केली. मान वर केली.

"तुमच्याशी, आत्या."

सुकुमार पातेली घेऊन तसाच उभा. त्याला काही कळेना.

"विचारणारं माणूस बसवून उपयोग नव्हता," पद्मजा म्हणाली. "ते विचारतं आणि मी सांगते. पान सुधारत नाही. मला न विचारणारं माणूस पाहिजे होतं. मिरजेच्या दवाखान्यात तुमच्या थोरल्या जाऊबाईंना बघायला गेलो होतो, आठवतंय? तुम्ही चारी मजले पालथे घातलेत पण खोली कुठली ते कुणाला विचारलं नाहीत. मी मागून डबा घेऊन फिरत होते. तसं माणूस अख्ख्या जयसिंगपुरात एकच आहे. पण 'आत्या, जरा बसता का' म्हटलं असतं, तर बसला असतात?"

"बसले नसते."

"म्हणून."

"आणि मी मुद्दाम चुकवलं असतं तर? आत्ता, शेवटाला?"

"तुम्ही? 'आत्यांना नाही जमायचं' हे ऐकल्यावर?" ती म्हणाली. "तुम्ही दुकान सोडलं असतं, पण ते उत्तर चुकवलं नसतं."

सुकुमारच्या डोक्यात आता कुठं उजेड पडला, आणि तो हसायला लागला. हातातली पातेली एकमेकांवर वाजायला लागली. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तशी ती वाजायची थांबली.

मग मी पद्मजाच्या समोर जाऊन उभी राहिले. बाहेर ऊन पिवळं पडत आलं होतं, ताटं मांडायची होती, तिला कॅफे बंद व्हायच्या आत जायचं होतं. पण हे बोलल्याशिवाय मी तिला सोडणार नव्हते.

"ऐक," मी म्हटलं. "गल्ल्यावर तू बसायची न्हाईस. तुझी ती लायकीच न्हाई. मेलेल्या फोनवर बोलून तू माझ्यासारखीला चार दिवस खुर्चीला बांधून घातलंस. तुला दुकानात बसवली तर माझ्याच पराती मलाच भाड्यानं देशील, आणि भाडं आधी घेशील. तू आपली तिथंच बस."